पॉइंट सिक्स फाइव्ह

प्रयोगशाळेत शिरल्यावर सगळ्यात आधी नाक चक्रावतं. इथे कसलाच वास नाही. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये हायड्रोजनचे लाल सिलिंडर साखळीने बांधून उभे आहेत, तिथून निघालेल्या बारीक स्टीलच्या नळ्या छताजवळून आत आल्या आहेत, मधल्या टेबलावर काळ्या पाट्यांची चवड रचली जाते आहे. पण हवेत ना गॅसचा वास, ना तेलाचा, ना धुराचा. घरच्या गॅसची गळती आपल्याला नाकाने कळते, कारण त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळलेलं असतं. इथल्या हायड्रोजनमध्ये ते मिसळता येत नाही. मरकॅप्टनमध्ये गंधक असतं, आणि गंधक म्हणजे प्लॅटिनमचं विष. माणसाला सावध करण्यासाठी घातलेला वास यंत्रालाच आजारी पाडेल.

म्हणून ब्रश आणि साबणाचं पाणी. ज्यांना इथे सगळे ‘ताई’ म्हणतात त्या तंत्रज्ञ बाई चवडीत नायट्रोजन सोडतात, दाबमापकाकडे एक डोळा ठेवतात आणि प्रत्येक सांध्यावरून फेस फिरवतात. बुडबुडा दिसला की तिथे मार्करने खूण. “गावाला सिलिंडर बदलला की आई हेच करायची,” त्या म्हणतात. आयटीआयचा फिटर ट्रेड, मग चाकणला काही वर्षं मोटारींच्या ब्रेकची जुळणी, आणि आता हे. खोलीच्या छताला गळती ओळखणारे सेन्सर आहेत. हायड्रोजन हलका, सुटला की वरच जाणार. तरीही ताईंचा भरवसा फेसावर जास्त.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या या प्रयोगशाळेपर्यंत यायला निमित्त झालं एका बसचं. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून विकसित केलेल्या हायड्रोजन बसचं अनावरण झालं. बातम्यांमध्ये एकच गोष्ट ठळक होती: ही बस धूर सोडत नाही, फक्त पाणी सोडते. हे वाक्य डोक्यात बसलं. बसच्या पोटात असं काय आहे, जे जळत नाही, फिरत नाही, तरी चाकं फिरवतं? आणि ते बनवतं कोण?

पोटात असते ही चवड. इंग्रजीतला फ्युएल सेल, मराठीत इंधनघट. शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग आठवा: पाण्यात वीज सोडली की एका नळीत हायड्रोजन जमतो, दुसरीत ऑक्सिजन. इंधनघट म्हणजे तोच प्रयोग उलट्या दिशेने. मध्ये एक पातळ पडदा. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला साधी हवा. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. पडद्यावरच्या प्लॅटिनमला टेकला की दोघांची ताटातूट होते. प्रोटॉनला पडद्यातून वाट आहे, इलेक्ट्रॉनला नाही. त्याला बाहेरून, तारेतून, मोटर फिरवत वळसा घालून पलीकडे जावं लागतं. हा वळसा म्हणजेच वीज. पलीकडे ऑक्सिजनशी दोघांची पुन्हा गाठ पडते आणि पाणी तयार होतं. ज्योत कुठेच नाही.

बॅटरीशी याची गल्लत होते. बॅटरीत रसायन आधीच भरलेलं असतं. ते संपलं की ती उतरते. इंधनघट उतरत नाही. हायड्रोजन आणि हवा येत राहील तोवर तो चालतो, चुलीसारखा.

“एकातून किती निघते?” या प्रश्नाला ताई मान वर न करता उत्तर देतात. “पॉइंट सिक्स फाइव्ह.”

०.६५ व्होल्ट. घड्याळातल्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट असतो. त्याच्या निम्माही नाही. पुस्तकी हिशोबाने एका घटाला १.२३ व्होल्ट द्यायला हवेत. पण हवेच्या बाजूची, ऑक्सिजनची क्रिया मंद असते, पडद्यातून जाताना रोध होतो, आणि बाकीची ऊर्जा उष्णता होऊन बसते. हाती राहतात पॉइंट सिक्स फाइव्ह. दिवसभरात हा आकडा त्या खोलीत किती वेळा ऐकू येतो याची मोजदाद अशक्य आहे. वहीत तोच, संगणकाच्या पडद्यावर तोच, चहा पिताना बोलण्यातही तोच.

म्हणून चवड. शंभर घट एकावर एक रचले की ६५ व्होल्ट. प्रत्येकाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर धरला, तर २०० अँपिअर, म्हणजे १३ किलोवॅट. टोयोटाच्या मिराई या मोटारीच्या दुसऱ्या पिढीत असे ३३० घट आहेत. अपोलो यानांत प्रत्येकी ३१ घटांच्या तीन चवडी होत्या, आणि चंद्राकडे जाणारे अंतराळवीर त्यांतूनच निघालेलं पाणी पीत. त्याही आधी, १८४२ मध्ये, वेल्समधले वकील आणि वैज्ञानिक विल्यम ग्रोव्ह यांनी आपली ‘वायूंची बॅटरी’ मांडली. त्यांच्या प्रसिद्ध आकृतीत चार घट मिळून पाचव्या पात्रातलं पाणी फोडताना दिसतात. एकट्या घटाने भागत नाही हे त्यांनाही तेव्हाच कळलं होतं. तत्त्वाला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. अवघड राहिली ती जुळणी.

शेजारच्या खोलीत मात्र वास आहे, दवाखान्यात सुई टोचण्याआधी येतो तसा स्पिरिटचा. इथे प्लॅटिनमची शाई बनते. कार्बनच्या बारीक भुकटीवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. ती भुकटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पडद्याच्याच जातीच्या पॉलिमरच्या द्रावणात कालवायची. एक शिस्त इथे कुणीही मोडत नाही: भुकटीवर आधी पाणी, मग अल्कोहोल. कोरड्या भुकटीवर थेट अल्कोहोल पडलं तर हवेच्या साक्षीने प्लॅटिनम आपलं काम तिथल्या तिथे दाखवतं आणि बाटलीतच जाळ होतो. शाई फवारायची, वाळवायची, दोन्ही बाजूंना कार्बनचा कागद ठेवून १३० अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये दाबायची.

खरा पेच पाण्याचा. पडद्यातून प्रोटॉन पाण्याच्या आधारानेच सरकतो, त्यामुळे पडदा ओला हवा. सुकला तर रोध वाढतो, हळूहळू चिरा जातात. पण पाणी जास्त झालं तर काळ्या पाट्यांवरच्या बारीक खाचा तुंबतात, हवा पोहोचत नाही, आणि घट गुदमरतो. इथली मंडळी त्याला ‘फ्लडिंग’ म्हणतात. भाकरी थापणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: पाणी कमी पडलं की पीठ चिरतं, जास्त झालं की हाताला चिकटतं. फरक इतकाच, की इथे शंभर भाकऱ्या एकाच वेळी थापायच्या आणि शंभरही सारख्या उतरायला हव्यात. घट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एक कमजोर पडला की साऱ्या चवडीला त्याच्या तालावर चालावं लागतं.

त्यात मे महिना. चवड ६० ते ८० अंशांवर चालते आणि जेवढी वीज, जवळपास तेवढीच उष्णता देते. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. इथे धूर नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रेडिएटरनेच बाहेर टाकायची. बाहेर विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा असेल तर रेडिएटर केवढा मोठा लागेल, याचं उत्तर थंड देशांतली तयार यंत्रणा आणून मिळत नाही. रस्त्याची हवाही नुसती धूळ गाळून चालत नाही. ट्रकच्या धुरातला गंधकाचा अंश पुन्हा प्लॅटिनमलाच बाधतो.

दुपारी सिलिंडर बदलला गेला. दोन माणसं तो तिरका करून, तळाच्या कडेवर गरगर फिरवत आणतात. पोलादाचं वजन पन्नास किलोच्या वर. आत हायड्रोजन जेमतेम अर्धा किलो. पूर्ण भार टाकला तर १३ किलोवॅटच्या चवडीला तासाला पाऊण किलो लागतो. म्हणजे इतक्या आटापिट्याने आणलेला सिलिंडर चाळीसेक मिनिटांत रिकामा. त्याच तासाभरात चवडीतून पावणेसात लिटरच्या आसपास पाणी निघतं. बातम्यांमधलं पाणी ते हेच.

मात्र त्या बातम्यांत सिलिंडरच्या अलीकडची गोष्ट क्वचितच येते. भारतात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि तो लागतो तेलशुद्धीकरणाला आणि खतांना. त्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बस पाणी सोडते. धूर दुसऱ्या गावात निघालेला असतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे उद्दिष्ट. सौर किंवा पवन विजेने पाणी फोडून केलेला हायड्रोजन स्वच्छ खरा, पण हिशोब मांडायलाच हवा. एक किलोसाठी ५० युनिटांहून अधिक वीज घालावी लागते, आणि इंधनघटातून परत येतात सोळा-सतरा युनिटं. तीच वीज बॅटरीत भरली तर चार हिश्शांतले तीनहून जास्त हिस्से परत मिळतात. रोज रात्री डेपोत परतणाऱ्या शहरी बससाठी बॅटरीच शहाणपणाची आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. इंधनघटाची जागा आहे ती बॅटरीचं वजन किंवा चार्जिंगचा वेळ परवडत नाही तिथे.

अशी एक जागा समुद्राखाली आहे, आणि तिचं काम महाराष्ट्रातच चाललं आहे. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या भरायला ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन इंजिनाला हवा पुरवावी लागते, आणि तेव्हाच ती शत्रूला सापडण्याचा धोका सर्वाधिक असतो. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे डीआरडीओच्या एनएमआरएलने, त्यावर इंधनघटांची यंत्रणा विकसित केली. हे घट फॉस्फोरिक आम्लाचे. ते बरेच जास्त तापमानाला चालतात आणि हायड्रोजनमधली अशुद्धी अधिक सोसतात. हायड्रोजन सिलिंडरांत भरून न्यायचा नाही, पाणबुडीतच तयार करायचा. मार्च २०२१ मध्ये या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. तिथे पन्नास युनिटांचे सतरा झाले म्हणून कुणी तक्रार करणार नाही.

साडेचारला ताई चवड आवळून बंद करायला घेतात. वर-खाली जाड प्लेटा, कडेने लांब बोल्ट. मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे, फेरीफेरीने. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्यावर ‘टक्’ करतो. जास्त आवळलं तर कार्बनचा कागद चुरतो, कमी आवळलं तर गळती. त्यांची बोटं गॅस्केटच्या कडेवरून फिरतात, केसाएवढी घडीसुद्धा त्यांना लागते. पुन्हा साबणाचं पाणी. मग हायड्रोजन.

संगणकाच्या पडद्यावर शंभर हिरवे दांडे उभे राहतात, प्रत्येक घटाचा एक. आवाज फक्त हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरचा. भार हळूहळू वाढवला जातो आणि दांडे एका रेषेत खाली येऊन स्थिरावतात: ०.६६, ०.६५, ०.६५. बाहेर जाणाऱ्या पारदर्शक नळीत वाफ धरते, मग थेंब, मग धार. कुणीही त्या पाण्याकडे बघत नाही. सगळ्यांचे डोळे त्रेसष्टाव्या दांड्यावर आहेत. ०.६१. ०.५७. ताई हवेचा झोत वाढवतात; थेंब अडकला असेल तर उडून जाईल. दांडा वर येतो, ०.६३, क्षणभर टिकतो, पुन्हा उतरतो. ०.५४.

“भार काढा,” त्या म्हणतात. एका घटाला जबरदस्ती केली तर तो उलटा होतो आणि पडद्याला भोक पडतं. ब्लोअर थांबतो, नायट्रोजन फिरवून आतला हायड्रोजन बाहेर काढला जातो. ताई वहीत त्रेसष्टसमोर ०.५४ लिहितात, शेजारी गोल करतात, चवडीच्या कडेवर पांढऱ्या टेपची एक पट्टी चिकटवतात आणि टॉर्क पाना हाती घेऊन समोरासमोरचे नट सैल करायला लागतात.