विश्लेषण : झोप हवी आणि कॉफीही… चवदार ‘डिकॅफ’ निवडायची कशी?

डॉक्टरांनी ‘कॅफीन कमी करा’ असे बजावले, की अनेक कॉफीप्रेमी डिकॅफची बाटली घरी आणतात. दोन कप पिऊन होतात आणि मग ती बाटली फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात जाते. ‘याला काही चवच नाही’, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. मात्र २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘ब्रूअर्स कप’ ही हाताने कॉफी गाळण्याची राष्ट्रीय स्पर्धा वेहाँग झँग यांनी चक्क कोलंबियातील डिकॅफ कॉफी वापरून जिंकली. मग आपल्याच कपातली डिकॅफ बेचव का?

कॅफीन कमी का करायचे?

मेंदूत दिवसभर साचत जाणारे अॅडिनोसिन हे रसायन झोपेचा इशारा देते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. शरीरातील निम्मे कॅफीन बाहेर पडण्यास सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफीन रात्री अकरालाही शरीरात असते. गर्भारपणात हा अवधी आणखी लांबतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. गर्भवतींसाठी युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. गाळलेल्या कॉफीच्या मोठ्या कपात सुमारे ९५ मिलिग्रॅम, तर डिकॅफमध्ये साधारण २ ते १५ मिलिग्रॅम कॅफीन असते. डिकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे, हे लक्षात ठेवावे. शिवाय पित्ताचा त्रास असलेल्यांनी फार आशा धरू नये, कारण डिकॅफनेही जठरातील आम्ल वाढते.

चव नेमकी जाते कुठे?

कॅफीन कडू असते, पण कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा थोडाच. त्यामुळे ‘कॅफीन गेले म्हणून चव गेली’ असे नसते. ते काढताना काय काय सोबत जाते, हा खरा प्रश्न. भाजण्याआधीच्या कच्च्या बिया पाण्याने वा वाफेने फुगवून कॅफीन काढले जाते आणि त्यात सुगंध तयार करणारे घटकही निसटतात. अशा बिया भाजण्यापूर्वीच तपकिरी दिसतात. त्यामुळे भाजणाऱ्याचा रंगाचा अंदाज चुकतो आणि बी जास्त भाजली जाते. त्या सच्छिद्र झाल्याने लवकर शिळ्याही होतात. त्यात डिकॅफचा खप कमी, म्हणून पाकीट दुकानात पडून राहते. इन्स्टंट डिकॅफमध्ये कॉफी पुन्हा उकळून सुकवली जाते, म्हणजे सुगंधाला दुसरा फटका. आपल्याकडे अनेकांची डिकॅफशी पहिली भेट नेमकी या इन्स्टंट बाटलीतूनच होते, हे दुर्दैव.

कोणती पद्धत चांगली?

जर्मनीतील ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिकॅफ बाजारात आणली, ती बेंझीन वापरून. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ते केव्हाच बाद झाले. आज पाकिटावर ‘स्विस वॉटर’ लिहिलेले असेल, तर कॅफीन केवळ पाण्याने काढलेले असते. यात चवीच्या घटकांनी आधीच भरलेले पाणी वापरतात. त्यामुळे बियांतून कॅफीन बाहेर पडते, चव बरीचशी आत राहते. ‘शुगरकेन’ किंवा ‘ईए’ म्हणजे उसाच्या मळीपासून बनवलेले इथाइल अॅसिटेट. ही कोलंबियाची खासियत असून कॉफीला किंचित फळासारखा गोडवा येतो. उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडची पद्धत जर्मन शास्त्रज्ञ कुर्ट झोझेल यांच्या १९६७ मधील शोधातून आली. तीही चव राखते, पण यंत्रणा महाग. काळी कॉफी पिणाऱ्यांनी आधी ‘शुगरकेन’ चाखून पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

मिथिलीन क्लोराइडचे काय?

हे द्रावक चव चांगली राखते, पण त्यावर वाद आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक औद्योगिक आणि घरगुती वापरांवर बंदी आणली. डिकॅफ मात्र अन्न प्रशासनाच्या अखत्यारीत येते. तिथे अवशेषांची मर्यादा दशलक्षात १० भाग, तर युरोपात २ भाग आहे. हे द्रावक सुमारे ४० अंशांवर उकळते आणि कॉफी २०० अंशांच्या आसपास भाजली जाते, त्यामुळे अवशेष नगण्य उरतात. तरीही मनात शंका असेल, तर पद्धत छापलेलेच पाकीट घ्यावे.

दुधातल्या कॉफीचे काय?

आपल्या घरची जायफळ घातलेली दुधाळ कॉफी असो वा माटुंग्याची फिल्टर कॉफी, हलकी भाजलेली डिकॅफ दुधात हरवून जाते. इथे मध्यम ते गडद भाजणीच हवी. चिकोरीत कॅफीन अजिबात नसते आणि ती दुधात दाटपणा आणते. त्यामुळे डिकॅफमध्ये थोडी चिकोरी मिसळण्यात कमीपणा नाही. डिकॅफ मिळतच नसेल, तर रोबस्टाऐवजी अरेबिका घ्यावी. तिच्यात कॅफीन जवळपास निम्मे असते. पाकीट छोटे घ्यावे, भाजल्याची तारीख पाहावी आणि पावडर नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त घालावी.

एकदम सोडावी का?

नको. रोजची कॉफी अचानक थांबवली, की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. चिडचिड होते, सुस्ती येते. हा त्रास आठवडाभरही टिकू शकतो आणि बिचाऱ्या डिकॅफवर त्याचे खापर फुटते. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात डब्यात तीन भाग नेहमीची कॉफी आणि एक भाग डिकॅफ मिसळावी, दुसऱ्या आठवड्यात निम्मी-निम्मी, मग प्रमाण उलटे करावे. सुरुवात दुपारनंतरच्या कपापासून करावी. सकाळचा पहिला कप सर्वांत शेवटी बदलावा.