वतनाची गाठ सुटता सुटेना

सिन्नरचे नाव निघाले, की रसिक मंडळी गोंदेश्वराच्या देवळाकडे वळतात आणि व्यवहारी मंडळी विडीकडे. दोघांचेही बरोबर आहे. यादवांच्या आरंभीच्या काळात राजधानीचा मान या गावाला होता. आणि गेल्या शतकात इथल्या कितीतरी घरांच्या चुली विड्या वळून पेटत राहिल्या. परंतु सिन्नरच्या नावावर आणखी एक नोंद आहे, आणि ती देवळाच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये येथे महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्यासाठी सिन्नरला आले होते. निमित्त होते मुंबई सरकारने वतनी जमिनींवर बसविलेल्या वाढीव कराचे. हा कर भरू नका, असा पुकारा त्या परिषदेतून झाला. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच महिन्यात व्हाइसरॉयने डॉ. आंबेडकरांना राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमले होते. सरकारच्या मंडळावर बसायचे आणि सरकारचा कर भरू नका म्हणून सांगायचे, हे काम तसे सोपे नव्हे.

इथे चाणाक्ष वाचक एक शंका काढील. महार वतन फेकून द्या, असे तर डॉ. आंबेडकर १९२७ पासून सांगत होते. मग चौदा वर्षांनी त्याच वतनाच्या जमिनीवरील कर वाढला म्हणून परिषद कशाला? वतन वाईट, तर ते महाग होऊन सुटले तर बरेच की! शंका रास्त आहे. आणि समाजातली उच्चनीचता इतके कायदे होऊनही का टिकते, याचे पुष्कळसे उत्तर या एका शंकेत दडलेले आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

वतन हा शब्द कानाला मोठा गोड. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, देशमुखाचे वतन. त्याच माळेत महाराचेही वतन. गावगाड्यात महाराकडे काय नव्हते? वेशीची राखण, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, वसुलाच्या रकमेबरोबर कसब्याला चालत जाणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला चारा आणि चुलीला सरपण पुरवणे, मेलेले जनावर ओढणे, मयताचा सांगावा परगावी नेणे. शिवारात हद्दीचा तंटा निघाला, तर महाराची साक्ष मोलाची, कारण बांध न् बांध त्याच्या पायाखालचा. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही. वतनदार घरी नसला, तर घरातल्या दुसऱ्या कोणी ते काम उरकायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे १९१५ चे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा पसारा नवा नाही.

मोबदला तीन वाटांनी यायचा. थोडी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार फिरून मिळणारी भाकरी. पैकी जमिनीचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. वतनी जमिनीवर पूर्ण सारा नसे. कमी दराची जुडी असे. पूर्ण सारा आणि जुडी यांतला जो फरक, तोच सरकारच्या वहीत महाराचा पगार! म्हणजे जुडी वाढवली, की काम तेवढेच राहून पगार आपोआप कापला जाई. सरकारला कोणाला ‘तुझा पगार कमी केला’ असे तोंडाने सांगावेही लागत नसे. सिन्नरला गाऱ्हाणे होते ते हे.

मग लोक ते वतन टाकून का देत नसत? टाकणार कसे? १८७४ च्या वतन कायद्याने ती जमीन सहजासहजी बाहेर विकता येत नसे. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन तिचे असे तुकडे पडलेले, की एका तुकड्यावर एक कुटुंब वर्षभर जगेना. पण तुकडा होता. त्या तुकड्यापायी माणूस गाव सोडून गिरणीत किंवा रेल्वेत कायमचा जायला कचरे. गेला तर हक्क जाईल, आणि राहिला तर पोट भरणार नाही. त्यात बलुते म्हणजे गावाच्या मर्जीचा मामला. ज्याने पोराला शाळेत घातले, स्वच्छ धोतर नेसले, मेलेले जनावर ओढणार नाही म्हणून सांगितले, त्याचे बलुते बंद करायला पंचायत बसवावी लागत नसे; खळ्यावर नुसती मान फिरवली की झाले.

१९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात जे दुरुस्तीचे बिल मांडले, त्याचा रोख नेमका या गाठीवर होता. ज्याला वतन नको, त्याने पूर्ण सारा भरून जमीन रयतेसारखी करून घ्यावी व नोकरीतून मोकळे व्हावे. आणि बलुत्याचे रोख पैशात रूपांतर व्हावे. म्हणजे जमीन राहील, जोखड जाईल. ते बिल चिकित्सा समितीतून असे काही बाहेर आले, की त्यांनी ते मागे घेतले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्येच आपल्या संस्थानातली महार वतने मोडून जमिनी रयतावा केल्या होत्या. तेव्हा हे अशक्य होते, असे म्हणायची सोय नाही.

परिषदेच्या नावात तीन जाती होत्या, हेही पाहून पुढे जावे. महार आणि मांग यांची बलुत्यावरून, मानावरून जुनी भांडणे. एकमेकांच्या हातचे पाणीसुद्धा न चालणारे हे शेजारी. वरच्याने दाबले त्याचे दुःख आहेच, पण आपल्याखाली कोणी तरी आहे याचे समाधानही सुटत नाही. म्हणून ही उतरंड कोणी एकजुटीने हलवीत नाही. डॉ. आंबेडकर हिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत. सिन्नरला कराच्या निमित्ताने का होईना, ही उतरंडीची माणसे एका परिषदेत बसली. माझ्या मते त्या दिवसाची खरी मिळकत ती.

स्वराज्य आले आणि वतनांना ओहोटी लागली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. कनिष्ठ गावकामगारांची, म्हणजे महार वगैरेंची वतने १९५८ च्या कायद्याने. तो १९५९ मध्ये अमलात आला. पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. कागदावर सगळे सारखे झाले. पण वतन जाताना प्रत्येकाच्या हातात काय ठेवून गेले? कुलकर्ण्याच्या वतनाने पिढ्यानपिढ्या लेखणी चालवायला शिकवले होते. वतन गेले, लेखणी राहिली, आणि ती कचेरीत, शाळेत, कोर्टात चालू लागली. पाटलाचे वतन गेले, पण जमीन, विहीर आणि गावावरची पत राहिली. महाराच्या वतनाने शिकवले ते चालणे, राखणे आणि शिवाराची खडान्‌खडा ओळख. टपाल खात्याने त्याच्या चालण्याची किंमत संपवली आणि मोजणीच्या नकाशाने त्याच्या साक्षीची. जमीन परत मिळाली, तीही ठरावीक रक्कम भरल्यावर आणि परवानगीवाचून विकता येणार नाही या अटीवर. अट रक्षणासाठीच होती, हे मान्य. पण अडल्या वेळी उघड बाजारात विकता न येणारी जमीन चोरट्या वाटेने, मातीमोलाने जाते, हाही अनुभव आहे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. जपानात मेलेली जनावरे आणि कातडे हे काम करणाऱ्या जमातीला १८७१ च्या फर्मानाने मुक्त करण्यात आले. नावे बदलली, दर्जा सारखा झाला. त्याबरोबरच मेलेल्या जनावरांवरचा त्यांचा पिढीजात हक्क गेला, साऱ्याची सूट गेली आणि इतरांसारखे कर मात्र लागू झाले. कलंक होता तसाच राहिला, त्याला चिकटलेला घास तेवढा गेला. पुढे कित्येक दशके लग्न आणि नोकरी ठरवताना तिथली माणसे समोरच्याच्या पूर्वजांची वस्ती शोधत राहिली.

पुन्हा सिन्नरला येऊ. विडीने इथे एक मोठी गोष्ट केली. बलुते मर्जीवर मिळे, विडीची मजुरी हजारी मिळू लागली. तेंदूचे पान भिजवा, बेताने कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. हजार झाल्या की पैसे. त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बुडत, आणि काढणारा माणूस कारखान्याचा. तरी हा रोकडा हिशेब होता. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. पण ज्यांच्याकडे शेत नव्हते त्यांच्या अंगणात सूप आले, आणि पुष्कळ घरांत आईचे सूप लेकीच्या मांडीवर गेले. जात नव्हे, धंदा नव्हे, नुसती गरज वारशाने उतरली.

नंतर माळेगावची औद्योगिक वसाहत आली, मुसळगावची आली. अलीकडे समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आणि २०२३ मध्ये शिर्डीहून पुढे भरवीरपर्यंत वाहतूकही सुरू झाली. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांच्या हाती एकरकमी पैसा आला. कोणी तो उधळला, कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी मुलाला शिकायला पाठवले. ज्या शेतांत निंदणी-खुरपणी करून दुसरी कुटुंबे जगत होती, त्यांचीही रोजी त्याच दिवशी गेली. पण मोबदल्याच्या यादीत नाव लागायला सातबाऱ्यावर नाव लागते. आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव का आहे, कोणाचे का नाही, हे शोधत मागे गेले, की वाट पुन्हा त्या जुडीपाशी, त्या तुकड्यापाशी आणि १९४१ च्या सिन्नरपाशी येते.