बोलत बोलत चालायचं

माझा मावसभाऊ छत्तीसगडमधल्या अभनपुरात एका राइस मिलचा हिशेब पाहतो. पहाटे त्याच्या छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला. वहिनीनं ॲसिडिटीची गोळी शोधण्यात वेळ घालवला नाही, थेट १०८ला फोन लावला. रायपूर तिथून साधारण ३० किलोमीटर. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, दादा वाचला. मग एके दिवशी तो फोनवर म्हणाला, "इथं एक मुलगी मला चालायला शिकवतेय." साठी ओलांडलेल्या माणसाला चालायला काय शिकवायचं? ते पाहायला मी रायपूरला गेलो.

मुलगी म्हणजे फिजिओथेरपिस्ट. फिनेलचा वास सुटलेल्या लांब व्हरांड्यात तिनं ३० मीटरवर दोन खुणा मांडल्या होत्या. नाडी, रक्तदाब, बोटाला ऑक्सिमीटर, आणि मग चाचणी : सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. चाचणीत ती गप्प असते. मिनिट सरलं की तेवढं सांगते आणि रुग्णाच्या वेगात आपला वेग मिसळू नये म्हणून सोबत चालतही नाही. दादा २४० मीटर चालला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं हा आकडा सांगितला. स्टेंट किती मिलिमीटरचा होता ते त्याला आठवत नव्हतं. दोनशे चाळीस मात्र पाठ होतं.

रोजच्या सरावात ती वेगळीच होती. "कका, बोलत-बोलत रेंगव," म्हणजे चाला, असं म्हणत त्याच्या बाजूनं चालायची आणि काहीबाही विचारत राहायची. मिलमध्ये किती हमाल? यंदा धान कसं? बोरे-बासीसोबत, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भातासोबत, काय खाता? दादा लोणच्याचं नाव घ्यायचा, ती मिठावरून रागवायची. मला आधी ती मन रमवतेय असं वाटलं. पण तिचे कान त्याच्या श्वासावर होते. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग ठीक. वाक्य तुटायला लागलं की हळू. यंत्राशिवाय, पैशाशिवाय होणारी ही पारख घरीही करता येते. तिचं ते ऐकणं माझ्या मनातून अजून जात नाही.

वहिनी मात्र धास्तावलेली. ती त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देईना. ही माया खरी, पण तिचं शास्त्र जुनं आहे. एके काळी डॉक्टरही अशा रुग्णाला कित्येक आठवडे पलंगावर निजवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला. १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले, तेव्हा झटक्यानंतरही माणूस कामाला लागतो हे जगानं पाहिलं. निजून राहिल्यानं पायातलं बळ जातं, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. उलट, हृदयरुग्णांच्या व्यायामावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याची वेळ, दोन्ही कमी झालेले दिसले.

तरी आपल्याकडे कौतुक सगळं स्टेंटचं. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडणाऱ्या हातांचे उपकार मोठेच, पण मेलेला स्नायू स्टेंट जिवंत करत नाही. तिथं व्रण धरायला काही आठवडे लागतात, आणि उरलेल्या स्नायूकडून काम कसं घ्यायचं ते रुग्णाला शिकावं लागतं. ते शिकवणारी ही मुलगी बिलात एका ओळीपुरती.

सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली : ३७५ मीटर. दादा आता अभनपुरात सकाळी चालतो, वहिनी सोबत असते आणि बोलण्याचं काम तीच करून घेते.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : चालायचं किती आणि कुणाच्या देखरेखीखाली, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती महिने. बरं वाटतंय म्हणून त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका अशानं वाढतो.