एका दुव्यावर सारे नगर

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराची वीज गेली. उपनगरी गाड्या जागीच थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने सायबर घातपाताची शक्यता वर्तविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण सांगितले. कारण कोणतेही असो, परिणामांची साखळी तीच.

अभ्यासक ही साखळी संगणकावर मांडतात. प्रत्येक सेवा म्हणजे एक बिंदू आणि तिचे दुसरीवरील अवलंबन म्हणजे रेषा. एक बिंदू पुसला की उरलेले किती तास तग धरतील, याचे गणित करावयाचे. खरी मेख उलट्या रेषेत असते. मोबाईल मनोऱ्याची बॅटरी संपली की वीजदुरुस्ती पथकाशीच संपर्क तुटतो. वादळ बिंदू निवडीत नाही, हल्लेखोर निवडतो. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये वीज तोडतानाच तक्रार-केंद्राचे दूरध्वनीही खोट्या कॉलच्या भडिमाराने अडविले गेले.

जव्हार-मोखाडा भागातील एखाद्या गावी साखळी आखूड, पण पर्यायही थोडेच. वीज, मनोरा, रास्तभाव दुकानातील अंगठ्याचे यंत्र, नळयोजनेचा पंप यांपैकी कोण कोणावाचून किती तास चालते, हे ग्रामपंचायतीला फळ्यावर खडूनेही मांडता येईल.