जोडीचे आकडे आणि टी-चाचणी

दोन सरासरींची तुलना म्हटली की टी-चाचणी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तिचे दोन प्रकार आहेत, हे मात्र निसटते. औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब एकाच रुग्णाचा असेल, तर आकडे जोडीने येतात. तिथे युग्मित चाचणी (प्रत्येक जोडीतला फरक काढून त्या फरकांची सरासरी तपासणारी) लागते. गटांतली माणसेच वेगळी असतील तर स्वतंत्र चाचणी. जोड्या मोडणे म्हणजे देवळाबाहेरच्या चपला डाव्या-उजव्या अशा दोन ढिगांत टाकणे: चपला तेवढ्याच, पण कोणती कुणाची हे गेले.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ही पद्धत मांडली, तेव्हा झोपेच्या दोन औषधांचे उदाहरण घेतले होते. रुग्ण दहाच, दोन्ही औषधे प्रत्येकाला. झोप सरासरी ०.७५ आणि २.३३ तासांनी वाढली. युग्मित चाचणीत पी-मूल्य (औषधांत फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सुमारे ०.००३ येते. तेच आकडे स्वतंत्र गटांचे मानले तर ०.०८, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेबाहेर! माणसामाणसांतली तफावत औषधांमधला फरक झाकून टाकते. संगणक दोन्ही उत्तरे बिनतक्रार देतो. जोडी होती की नाही, हे त्याला नुसत्या रकान्यांवरून कळत नाही.