दहा हत्ती आणि एक पाण्याची टाकी

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये कुणी घरावर मजला चढवायला किंवा गॅलरी पुढे काढायला घेतली, की जयविलास महालातले हत्ती हमखास चर्चेत येतात. जयाजीराव शिंद्यांनी मायकेल फिलोज याच्याकडून हा महाल बांधून घेतला, १८७४ मध्ये. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छताचा कस पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. कुणी आठ म्हणतं, कुणी दहा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यातून लोक जे शहाणपण काढतात, त्याबद्दल आहे. "काका, त्या काळच्या छतानं दहा हत्ती पेलले, मग आपल्या आरसीसी गॅलरीला हजार लिटरची टाकी काय जड?"

हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आलाय की आता चीड येते. कारण त्यात गृहीत धरलेलं असतं की वजन किती, एवढंच पाहायचं.

आधी हत्तींचंच बघू. प्रौढ हत्ती साधारण चार टनांचा धरा आणि तो दहा मीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना भिंतीवर टेकलेल्या तुळईवर उभा करा. एका भिंतीपासून दोन मीटरवर उभा असेल तर जवळची भिंत ३.२ टन उचलते, लांबची ०.८ टन, आणि हत्तीच्या पायाखाली तुळईला वाकवणारा आघूर्ण (बल गुणिले अंतर) ६.४ टन-मीटर येतो. तोच हत्ती मधोमध नेला की १० टन-मीटर. वजन तेच, हत्ती तोच. म्हणजे छतावर किती हत्ती चढवले यापेक्षा ते कुठे उभे केले, हे विचारायला हवं.

आणि छत दोन्हीकडून टेकलेलं असतं. हत्ती दोन भिंतींच्या मध्ये आहे तोवर छत वाकेल, मोडेलही, पण उलटणार नाही. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. तिथे उलटण्याचा प्रश्न खरा आहे.

आता टाकी. गॅलरी भिंतीबाहेर १.२ मीटर, सरासरी १० सेंटिमीटर जाड. तिचा एक मीटर रुंदीचा पट्टा घेऊ. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकीचा मध्य भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून ०.८ मीटर. त्या कडेभोवती उलटवणारा आघूर्ण ०.८ टन-मीटर. स्लॅबचं स्वतःचं वजन ०.३ टन, ०.६ मीटरवर, म्हणजे आणखी ०.१८. एकूण ०.९८. वर नऊ इंची, तीन मीटर उंच विटांची भिंत आहे, ती गॅलरी दाबून धरेल, असं मिस्त्री सांगतो. त्या भिंतीचं वजन सुमारे १.३ टन, टाकीतल्या पाण्यापेक्षा जास्तच. पण त्याचा मध्य कडेपासून आत जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. गुणाकार केला की ०.१५. ती भिंत एकटी गॅलरीचं स्वतःचं वजनसुद्धा सावरू शकत नाही, टाकी तर लांबच. गॅलरी उभी राहते ती स्लॅब खोलीत आतवर गेलेला असतो आणि वरच्या सळया तिला मागे ओढून धरतात म्हणून.

विश्वास बसत नसेल तर आयएस ४५६ : २०००, कलम २०.१ काढून पाहावं. उलटवणाऱ्या आघूर्णात कायम भाराचा वाटा १.२ पट आणि वापराच्या भाराचा १.४ पट धरायचा. सावरणारा आघूर्ण त्या बेरजेहून कमी असता कामा नये, आणि सावरणारं वजन मोजताना कायम भाराचा फक्त ०.९ हिस्सा जमेस धरायचा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलंही नेमकी आघूर्णापाशीच अडकतात. वरची बलं, खालची बलं, बेरीज शून्य, "सर, समतोल झाला." झाला नाही! गाडीचं स्टीअरिंग दोन हातांनी फिरवताना एक हात वर ढकलतो, दुसरा तेवढ्याच जोराने खाली. बेरीज शून्यच असते आणि चाक फिरतं. या बलयुग्माचा सिद्धांत फ्रान्समध्ये लुई प्वँसोने १८०३ मध्ये मांडला. एका प्रतलात अटी तीन: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची शून्य, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती आघूर्णांची शून्य. तिसरी सोडली तर उरतं ते उत्तर चुकीचंच.

बाकीचे गैरसमज पटकन. क्रिया आणि प्रतिक्रिया एकमेकींना रद्द करत नाहीत; त्या दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. घर्षण दरवेळी घर्षणांक गुणिले अभिलंब बल इतकं नसतं. वस्तू घसरायला लागेपर्यंत ते गरजेपुरतंच असतं. गुरुत्वमध्य वस्तूच्या आतच हवा असं नाही, बांगडीचा पोकळीत असतो. समतोल म्हणजे थांबलेलंच असंही नाही. सरळ रुळावर एकाच वेगाने जाणारी गाडीही समतोलात असते. आणि टेबलाच्या चार पायांवर प्रत्येकी पाव भार येतो, हे स्थितिकीच्या समीकरणांतून निघत नाही: अज्ञात चार, समीकरणं तीन.

एक गैरसमज मात्र एका ओळीत उरकता येणार नाही, कारण त्याने माणसं मरतात: सळया नेहमी स्लॅबच्या तळाला टाकायच्या. दोन भिंतींमधल्या स्लॅबचा मध्यभाग खाली वाकतो, ताण तळाला येतो, म्हणून तिथे सळया खाली हे बरोबर. गॅलरीचं मोकळं टोक खाली झुकतं, त्यामुळे ताण वरच्या पृष्ठाला येतो आणि मुख्य सळया वरच हव्यात. नकाशात बहुधा त्या वरच दाखवलेल्या असतात. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवर पाय देऊन उभे राहतात, खाली चेअर, म्हणजे जाळीला वर धरणारे टेकू, पुरेसे नसतात आणि जाळी दबून तळाशी जाते. काँक्रीटने झाकल्यावर हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून ओतायच्या दिवशी स्वतः उभं राहावं, वरच्या जाळीवर हाताने जोर देऊन पाहावं, ती खाली जात असेल तर आणखी चेअर लावल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नये. आणि टाकी भिंतीच्या डोक्यावर, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर बसवावी. तिथे तिचं वजन गॅलरी उलटवत नाही, दाबून धरतं.