घराचे नूतनीकरण: अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च

जुन्या सदनिकेचे नूतनीकरण करताना खर्च वाढतो तो बहुधा नव्या फरशीमुळे नव्हे, तर जुन्या फरशीखाली दडलेल्या दोषांमुळे. स्नानगृहाची फरशी उखडली की गंजलेल्या लोखंडी जलवाहिन्या आणि निकामी झालेले वॉटरप्रूफिंग उघडे पडते. मग कोबा काढून नवा थर द्यावा लागतो व त्यावर किमान २४ तास पाणी साठवून गळती तपासावी लागते. काटकसरीपायी ही चाचणी टाळल्यास खालच्या मजल्यावरील छताची दुरुस्तीही पदरी पडू शकते. त्यामुळे दर ठरवण्यापूर्वीच एका कोपऱ्यातील फरशी काढून पाहणे शहाणपणाचे.

दुसरी बाब कराची. कंत्राटदार नोंदणीकृत असेल, तर साहित्यासह केलेल्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असे लिहिलेले असल्यास ४ लाखांचे काम ४ लाख ७२ हजारांवर जाते. राडारोड्याची वाहतूक तर अनेकदा हिशेबातच नसते.

दुरुस्तीसाठी कर्ज काढणाऱ्यांनीही सावध असावे. राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजासाठी जुन्या करप्रणालीत वर्षाला कमाल ३० हजार रुपयांची वजावट मिळते. २ लाखांची मर्यादा घर खरेदी वा बांधण्याच्या कर्जासाठी आहे.